निळी पिशवी, कंडक्टरच्या सीटखाली

आमचा रेडिओ अजून सुरू आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे दोन-तीन वेळा तुम्हाला वाटेल की आता कारभार आटोपला. तसं काही झालेलं नाही, तेव्हा निवांत बसा. मला स्वतःला निवांत बसता यायला लागून जेमतेम पंधरा दिवस झालेत.

आमच्या रेडिओचं नाव 'रेडिओ खळं'. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गुरुपादप्पा अप्पांच्या आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो चालतो. मी, शेषेराव, तिथला केंद्रप्रमुख. निवेदक, लेखक, टपाल उघडणारा आणि छत गळलं तर बादली ठेवणारासुद्धा मीच. मशीन सांभाळायला मुनीब आहे. त्याच्या घरात तीन पिढ्या रेडिओ दुरुस्तीचं काम चालतं, त्यामुळे यंत्र बिघडलं की त्याला आनंद होतो आणि नीट चाललं की तो उदास दिसतो.

गेल्या दिवाळीनंतर अप्पा एक दिवस जिना चढून वर आले. वर येणं त्यांच्या गुडघ्यांना मानवत नाही, तेव्हा ते आले म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

"शेषेराव, तुझा रेडिओ कोण ऐकतंय?"

"अप्पा, असंख्य श्रोते..."

"असंख्य नको. शंभर दाखीव. कागदावर न्हाई, डोळ्यांनी. येळवसेपर्यंत मुदत. न्हाईतर हितं अभ्यासिका काढतो."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, ती दीड-दोन महिन्यांवर होती. अभ्यासिका म्हणजे काय हे लातुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरगावच्यांसाठी सांगतो. डॉक्टर-इंजिनियर व्हायला सगळ्या मराठवाड्यातून पोरं इथे क्लासला येतात. त्यामुळे ज्याच्याकडे चार भिंती आहेत त्याने आत प्लायवूडची खुराडी ठोकून अभ्यासिका उघडली आहे. आमच्या गल्लीतल्या एकाने तर म्हैस गावी पाठवून गोठ्याची अभ्यासिका केली. भूगोल तिथे चांगला होतो म्हणतात.

अप्पांचंही चुकत नव्हतं. बियाणेवाले, पंपवाले, ठिबकवाले, सगळे जाहिरातदार एकेक करून मोबाईलवर निघून गेले होते. शेवटी एक हाडवैद्य उरला होता. तोही म्हणाला, "साहेब, हाडं मोडलेली माणसं आता व्हिडिओ बघून येतात." वीस वर्षं या माईकसमोर बसलेला माणूस मी. मला दुसरं काही येत नाही, आणि त्या खोलीत प्लायवूड ठोकलेलं मला बघवलं नसतं. त्या रात्री मी जेवलो नाही. दामिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "जेवा. उपाशी माणसाचा आवाज अजून बारीक येतो."

शेजारी मडिवाळप्पा राहतात. भूमापन खात्यातून निवृत्त झालेत आणि जिथे तिथे हद्द कायम करून देण्याची सवय अजून सुटलेली नाही. ते म्हणाले, "शेषेराव, रेडिओ मेला. मोबाईलवर या. ॲप काढा."

ॲप काढलं. त्यात 'ऐका' असं लिहिलेलं बटण दाबलं की फोनची बॅटरी, म्हणजे उजेडाची, पेटायची. ती दुरुस्त केल्यावर आवाज आला, पण तो थांबेचना. मडिवाळप्पांच्या फोनवर माझं कापूस वेचणीवरचं भाषण एका मयतीत सुरू झालं ते फोन बंद पडेपर्यंत चाललं. महिन्याभरात सदतीस जणांनी ॲप घेतलं. त्यात अकरा आमचे नातेवाईक, आणि एक माणूस थेट पोलंडचा. मी फार भारावून गेलो. दोन दिवस सकाळच्या सभेत त्या पोलंडवाल्याला खास नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी त्याने ॲप काढून टाकलं.

मग मडिवाळप्पांच्याच सल्ल्याने मी कॅमेऱ्यासमोर बसून थेट प्रक्षेपण केलं. माझा चेहरा दिसायला लागला तसे ऐकणारे कमी झाले. रेडिओवर आपण इतकी वर्षं कशामुळे टिकलो, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर व्हॉट्सॲपवर 'खळं श्रोता परिवार' नावाचा गट काढला. त्यात मडिवाळप्पा रोज पहाटे फुलं पाठवायचे आणि बाकीचे त्या फुलांना हात जोडायचे. रेडिओबद्दल त्यात कुणी अवाक्षर काढलं नाही.

असा मी सगळीकडून हरलेला असताना 'बांधावरून' या कार्यक्रमात हाजराबींचा फोन आला.

कार्यक्रमात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर एक तज्ज्ञ बोलत होते. अळीची तिसरी अवस्था ऐन रंगात आलेली. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, अळीबिळी राहू द्या. मी हाजराबी, कंधारहून बोलते. माझी बुशरा तुमच्या लातूरला क्लासला हाय. हॉस्टेलवाल्यांनी तिचा मोबाईल ठेवून घेतलाय. कंधारच्या गाडीत डबा ठेवलाय मी, निळी पिशवी, कंडक्टरच्या सीटखाली. गाडी अहमदपुरात पंक्चर झाली म्हणं. बच्ची बसस्टँडवर जाईल, डबा न्हाई म्हणून उपाशी परत जाईल. तिला सांगा, एक वाजता ये म्हणून."

"बाई, हा शेतीचा कार्यक्रम आहे," मी वाणी शक्य तितकी मृदू ठेवून म्हणालो. "आणि ती ऐकते आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकती की. तिच्या आजोबांचा छोटा रेडिओ हाय तिच्याकडं. दुसरं हाय काय तिथं? आमच्या कंधारला तर तुमचा रेडिओ येतच न्हाई. नंबर तिनंच दिलाय."

म्हणजे जिला रेडिओ ऐकू येत नाही तिचा फोन, आणि जी ऐकते तिच्याकडे फोन नाही. तज्ज्ञ रागाने माझ्याकडे बघत होते. पण वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खात्रीने सांगत होतं की अमुक एक माणूस या क्षणी आपल्याला ऐकतो आहे. मी घसा साफ केला आणि बुशराला निरोप दिला. अळी तशीच राहिली.

गावाकडून पोरांचे डबे एसटीने लातूरला येतात, ही रीत जुनी आहे. आई सकाळी उठून भाकरी करते, बाप डबा गाडीत ठेवून येतो, कंडक्टर माणुसकीने आणतो, आणि पोरगं बसस्टँडवर येऊन घेऊन जातं. अडचण एवढीच की कोणती गाडी किती वाजता येईल हे देवालाही सांगता येत नाही, आणि पोरांचे मोबाईल क्लासवाल्यांनी काढून घेतलेले. दुसऱ्या दिवशी निलंग्याहून दोन फोन आले. तिसऱ्या दिवशी अकरा. आठवड्याभरात मुनीबने वही केली आणि सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सहा अशी 'डबेवार्ता' सुरू झाली. मुनीबच्या वडिलांच्या दुकानातले पडून असलेले छोटे रेडिओ संपले. सगळी दुनिया मोबाईलकडे धावत असताना आमच्या वाट्याला तेवढेच लोक आले ज्यांच्याकडून तो हिसकावून घेतला होता. मला ते पुरेसे होते.

माझ्या वाणीचं काय झालं ते मात्र विचारू नका. ज्या आवाजात मी एके काळी गोदावरीच्या घाटांवर निबंध वाचले, त्याच आवाजात आता "उदगीरची गाडी, लाल झाकणाचा डबा, शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधली आहे, ती सांडू नये" असं वाचत होतो. आया निरोपही जोडून द्यायच्या. केस विंचर. आंघोळ गरम पाण्याने कर. गाय व्याली, कालवड झाली. अप्पांच्या मुलीचा मुलगा अमरेश उदगीरचा. अप्पांचं घर दोन गल्ल्यांवर असून तो हॉस्टेलात राहतो, कारण अप्पांच्या घरी टीव्ही आहे. त्याच्या आईचा निरोप मला तीनदा वाचावा लागला: "अमरेश, दोडका खोलीतल्या मित्राला देऊ नकोस. मला कळतं." मडिवाळप्पा म्हणाले, "शेषेराव, तुमचं अगदी खानावळीची पाटी वाचणं झालं." मी घरी येऊन हे दामिनीला सांगितलं. ती म्हणाली, "पण शेवटपर्यंत ऐकतंय ना कुणीतरी? आम्ही तरी कुठं ऐकायचो."

मग अडचणी सुरू झाल्या. क्लासचे व्यंकट सर आले आणि म्हणाले, "मुलांचं लक्ष डब्याकडे जातं." मी म्हणालो, "डबा नसला की जास्त जातं." शेवटी तडजोड झाली ती अशी, की दर दोन डब्यांच्या मध्ये मी भौतिकशास्त्राचं एक सूत्र सांगायचं. त्यामुळे "निलंगा, कापडी पिशवी" यानंतर "बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण" आणि लगेच "देवणी, स्टीलची किटली" असा मजकूर जाऊ लागला. एका आजीने फोन करून विचारलं की हे त्वरण कुठल्या गाडीने येतं.

बसस्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांनी मला बोलावून घेतलं. माणूस सज्जन, पण कपाळाला आठ्या. "साहेब," ते म्हणाले, "हे डबे येतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण तुम्ही रेडिओवर सांगितल्यामुळे आता ते आम्हाला अधिकृतपणे कळलं. त्याचं काय करू?" डबा पार्सल आहे, सामान आहे की बेवारस वस्तू, यावर आमची दीड तास चर्चा झाली. बेवारस ठरला असता, तर नेणाऱ्याने आत काय आहे ते लेखी सांगणं भाग होतं. प्रयोग म्हणून एका पोराकडून लिहून घेतलं. त्याने 'वांगं' लिहिलं, आत कारलं निघालं, आणि पोराचंच तोंड असं झालं की साहेबांनी तो प्रकार तिथेच बंद केला. त्यांनी जुनी पार्सल खोली उघडून दिली. एकच अट होती. डबे जमिनीवर ठेवायचे नाहीत, मांडणी पाहिजे.

मांडणी मी स्वतः ठोकली. दामिनी म्हणाली होती, सुतार बोलवा. पण मी केंद्रप्रमुख आहे, मला चार फळ्या ठोकता येणार नाहीत का, असं मला वाटलं. मुनीबने ती हलवून बघितली आणि काही बोलला नाही. यंत्र नसलेल्या गोष्टींबद्दल तो मत देत नाही.

आता येळवसेचं सांगतो. त्या दिवशी आमच्या भागात शहर ओस पडतं. सगळे शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्या रचून केलेल्या कोपीत पूजा होते, ओल्या शेंगा-भाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबील असं जेवण होतं. यात जातधर्म कुणी बघत नाही. हाजराबींच्याही शेतात येळवस असते. पण क्लासवाल्यांनी नेमकी त्याच दिवशी सराव परीक्षा ठेवली. पोरांना घरी जाता येईना. म्हणून घरच्यांनी येळवसच गाडीत घालून लातूरला पाठवायची ठरवली. मुनीबच्या वहीत दोनशे चौदा नावं झाली.

मी आनंदाने अप्पांकडे गेलो. "अप्पा, उद्या दुपारी साडेबाराला बसस्टँडवर या. शंभर मागितले होते, दोनशे दाखवतो. कानाला रेडिओ लावलेले."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "येळवसेला गावात कोण थांबतंय? मी शेतात राहतो."

मुदत येळवसेपर्यंतची, श्रोते येळवसेचेच, आणि बघणारा शेतात.

तरी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडवर उभा राहिलो. मुनीब वर माईकपाशी, मी खाली वही घेऊन. पोरं रांगेने येऊन सही करून डबा नेत होती. ज्यांनी नेला ती समोरच्या झाडाखाली बसून भज्जी खात होती. बुशरा माझ्या शेजारी उभी राहून पिशव्यांचे रंग ओळखत होती. आईने नको म्हटलं असतं तरी ती तिथेच राहिली असती, अशी मुलगी आहे. सगळं छान चाललं होतं आणि तिथेच माझी चूक झाली. आंबिलीचा विचार मी केलाच नव्हता.

आंबील ताकातली, आंबवलेली. ती आयांनी सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत गच्च भरून बुचं आवळली होती. चार तास इंजिनशेजारी तापून आलेल्या त्या बाटल्या मी मांडणीच्या वरच्या फळीवर ओळीने लावल्या. पहिली फुटली तेव्हा मी वहीवर वाकलो होतो. पाठोपाठ दुसरी, तिसरी. फळी हलली, मांडणी एका अंगाला कलली आणि शंभरेक स्टीलचे डबे शहाबादी फरशीवर एकदम कोसळले.

भांडी आपोआप वाजायला लागली तर काय करायचं, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. त्र्याण्णव साल ज्यांनी बघितलं त्यांनी ते पुढच्यांना सांगून ठेवलंय. "भूकंप!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं बसस्टँड मोकळ्या मैदानात आलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांच्या पुढे मी होतो. मांडणी मीच ठोकली, कोसळताना मीच बघितली, तरी पळालो मीच.

मैदानात उभं राहिल्यावर डोकं ताळ्यावर आलं. बुशराने नावं पुकारली, मी वहीत टिपत गेलो, आणि सगळी पोरं धडधाकट निघाली. पण तोवर मोबाईलवर बातमी सुटली होती. 'लातूरला मोठा धक्का, बसस्टँड कोसळलं, शेकडो विद्यार्थी आत.' खाली कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या पडलेल्या इमारतीचा फोटो. मला ती बातमी 'खळं श्रोता परिवार' या माझ्याच गटात मिळाली. पाठवणारे मडिवाळप्पा. मी मुनीबला फोन लावला, लागेना. सगळं गाव आणि सगळी शेतं एकाच वेळी फोन करत होती.

शेतात बसलेले ते सगळे आया-बाप माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांची पोरं इथे बसस्टँडवर आहेत, हे मीच तर आठवडाभर रेडिओवर ओरडून सांगत होतो. वही काखेत मारून मी रिक्षा पकडली. रिक्षावाला इमारतींच्या जवळून जायला तयार होईना, त्याने मला मोंढ्याच्या मधोमध सोडलं. तिथून पळत जिना चढलो. मुनीब टेबलाखाली बसला होता, पण माईक हातात धरून. सुरू असलेलं गाणं त्याने तोडलेलं नव्हतं.

"मुनीब, गाणं काढ." आणि मी बोललो. वाणी वगैरे काही सुचलं नाही, धाप लागली होती.

"भूकंप झालेला नाही. डबे पडलेत. मी शेषेराव. बसस्टँडवरची मांडणी मी ठोकली होती, ती पडली. आंबिलीच्या बाटल्या फुटल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आता नावं वाचतो."

आणि वही उघडून वाचायला लागलो. "बुशरा, कंधार. डबा मिळाला, मुलगी सुखरूप. दत्ता, चाकूर. डबा सांडला, मुलगा सुखरूप. महादेवी, औसा. आंबील फुटली, मुलगी सुखरूप." टेबलावरचा जुना टेलिफोन वाजला. हाजराबी होत्या. "साहेब, हितं ऐकू येत न्हाई. एवढंच सांगा, हाय का माझी पोरगी?" मी म्हणालो, "हाय, हाय, भज्जी खातीय." त्या रडायला लागल्या. आणखी कुणाला ऐकायचं असेल म्हणून मुनीबने रिसीव्हर तसाच उघडा ठेवला आणि मी वाचत राहिलो.

एकशे सत्तरच्या पुढे गेलो असेन, तेव्हा जिन्यात पावलं वाजली. अप्पा. धोतराला शेतातली माती, डोक्याला फेटा नाही. मी पटकन एक गाणं लावलं आणि उभा राहिलो.

अप्पा खुर्चीत बसले.

"फोन लागंना," ते म्हणाले. "मेसेज आला, पोरं दबली म्हणून. आमच्या सालगड्याकडं रेडिओ हाय. तो कोपीत डबेवार्ता लावून बसला होता, पोरगं क्लासला हाय त्याचंबी. तिथं सगळे गोळा झालो. आजूबाजूच्या शेतांतनं माणसं पळत आली. शंभर का दोनशे, मोजली न्हाईत. अमरेशचं नाव बारावं आलं, तसा निघालो. शेत जवळच हाय."

"अप्पा, माझी मांडणी..."

"ऐक. त्र्याण्णवला आमची सिद्धम्मा, धाकटी बहीण, औशाकडं दिली होती. चार दिस हिंडलो. प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक छावणीत. हाय म्हणून सांगणारं कुणी न्हवतं आन् न्हाई म्हणूनबी सांगणारं कुणी न्हवतं. पाचव्या दिवशी कळालं." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आज अर्ध्या तासात कळालं बघ. माझा नातू हाय."

मुनीब पाण्याचा तांब्या घेऊन आला. अप्पा पाणी प्यायले. शेवटी मीच चाचरत विचारलं, "अभ्यासिका?"

"खाली गोदामात काढू की. हितं कुणी एक खिळा ठोकायचा न्हाई. तू तर अजिबात न्हाई."

इतका हलका मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. खुर्चीत बसलो ते जवळजवळ पडलोच. मुनीब हसायला लागला, मग मीही हसलो, आणि गाणं तसंच वाजत राहिलं.

अप्पांनी काठी जमिनीवर आपटली. "हसतोस काय? वहीत अजून नावं उरलीत न्हवं?"

"चाळीसेक आहेत."

"मग ते गाणं बंद कर. त्यांच्या घरची माणसं थांबलीत."

मी गाणं बंद केलं आणि पुढचं नाव वाचलं. अप्पा शेवटच्या नावापर्यंत तिथेच बसून होते.